एकाच डीपीवर कुणाला 200 व्होल्ट, कुणाला 260: आधी तोल, मग दाब

दुपारी एक वाजता छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर ‘ओव्हर व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो. त्याच घरात रात्री आठला फ्रीजचा कॉम्प्रेसर उचलत नाही आणि पंखा कसाबसा फिरतो. दोन्ही तक्रारी खऱ्या असतात आणि दोन्हींचं मूळ पुष्कळदा एकच असतं. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून गावोगावी छतांवर सोलर दिसू लागलं आणि हा घोळ आणखी लोकांच्या लक्षात येऊ लागला. त्यावर मिळणारी उत्तरं मात्र जुनीच आहेत: डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) लहान पडतोय, त्याचा टॅप (व्होल्टेज वर-खाली करायची सोय) वाढवून घ्या, स्टॅबिलायझर लावा.

यातलं प्रत्येक उत्तर कुठे ना कुठे बरोबर असतं. पण तीन फेजवरचा भार असमान असताना यातलं काहीही आधी केलं, तर एका घराचा त्रास कमी होतो आणि दुसऱ्या घराचा टीव्ही जळतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी तीन फेजचा तोल, मग व्होल्टेज.

तीन फेज आणि चौथी तार

गावात ज्याला आपण डीपी म्हणतो ते वितरण रोहित्र. त्याच्या पाटीवर बहुधा 11000/433 असं लिहिलेलं असतं (काही भागांत 11000 च्या जागी 22000). म्हणजे वरून 11 हजार व्होल्ट येतात आणि खाली दोन फेजमध्ये 433 व्होल्ट मिळतात. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात मोजलं तर 433 भागिले 1.732, म्हणजे बरोबर 250 व्होल्ट. घराला 230 लागतात, मग 250 कशाला? कारण वाटेत तारेत थोडे व्होल्ट खर्ची पडणार हे गृहीत धरलेलं असतं.

डीपीवरून चार तारा निघतात: आर, वाय, बी हे तीन फेज आणि चौथा न्यूट्रल. साध्या घराला यातला एक फेज आणि न्यूट्रल मिळतो, शेतीपंपाला तिन्ही फेज. तिन्ही फेजवर सारखाच भार असेल, तर परतीचे तीन करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करतात आणि न्यूट्रल जवळपास रिकामा राहतो. भार असमान झाला, की जेवढा रद्द होत नाही तेवढा करंट न्यूट्रलमधून वाहतो. सगळी गडबड इथून सुरू होते.

किती व्होल्टेज चालतं? 1956 च्या भारतीय विद्युत नियमांनी कमी दाबाच्या पुरवठ्याला 6 टक्के वर किंवा खाली एवढी सूट दिली होती. 230 व्होल्ट धरले तर ती साधारण 216 ते 244 होते. पुढच्या सगळ्या हिशोबात हाच पट्टा डोळ्यांसमोर ठेवूया.

90 अँपिअरचा हिशोब

एक लाइन घेऊ. डीपीपासून शेवटच्या वस्तीपर्यंत 500 मीटर, तार ‘वीझल’. ही 30 चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार लघुदाब लाइनवर सर्रास दिसते. तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, किलोमीटरला सुमारे 0.93 ओहम, म्हणजे 500 मीटरला 0.465 ओहम. न्यूट्रलची तारही तीच. हिशोब सुटसुटीत राहावा म्हणून सगळा भार लाइनच्या शेवटी आणि सगळा साधा, म्हणजे पॉवर फॅक्टर 1 चा, असं धरू. एकूण भार 90 अँपिअर.

तो तिन्ही फेजवर 30-30-30 असा वाटला, तर प्रत्येक फेजमध्ये 30 गुणिले 0.465, म्हणजे 14 व्होल्ट पडतात. न्यूट्रलमध्ये शून्य. शेवटच्या घरी तिन्ही फेजवर 236 व्होल्ट मिळतात, कुणाची तक्रार नाही. तारांमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज सुमारे 1255 वॅट.

आता तोच 90 अँपिअर भार असा वाटू: आरवर 60, वायवर 20, बीवर 10. खऱ्या लाइनवर अशी वाटणी अजिबात दुर्मीळ नाही. नवीन जोडणी देताना खांबावर जी तार हाताशी येते तिच्यावरच सर्व्हिस वायर बांधली जाते, आणि वर्षानुवर्षं तीच तार हाताशी येत राहते.

आर फेजमध्ये 60 गुणिले 0.465, म्हणजे 28 व्होल्ट पडले. न्यूट्रलमध्ये सुमारे 46 अँपिअर वाहू लागले आणि तिथेही 21 व्होल्ट पडले. हे 21 व्होल्ट जवळजवळ पूर्णपणे आर फेजच्याच वाट्याला जातात, कारण न्यूट्रलमधला करंट मुख्यतः त्याचाच आहे. त्यामुळे शेवटच्या खांबाशी हे चित्र दिसतं:

आर फेज 201 व्होल्ट, वाय फेज 248 व्होल्ट, बी फेज 260 व्होल्ट.

बी फेजचा आकडा पुन्हा बघा. डीपीवर 250 आहेत आणि 500 मीटर दूर 260. वाटेत व्होल्टेज कमी व्हायचं सोडून वाढलं. मीटर खराब नाही. भरलेल्या फेजने न्यूट्रलचा बिंदू आपल्याकडे ओढला, त्यामुळे बाकीच्या दोन फेजपासून तो लांब गेला. तिफण एका बाजूला कलली की एक फण खोल रुततो आणि पलीकडचा जमिनीच्या वर येतो, तसंच हे. अशा वेळी अख्खी तिफण वर उचलली तर रुतलेला फण जरा मोकळा होईल, पण पलीकडचा आणखी अधांतरी जाईल. आधी ती सरळ धरावी लागते.

वाया जाणारी वीज 1255 वॅटवरून 2880 वॅटच्या पुढे गेली. भार तोच, तारा त्याच, आणि नुकसान दुपटीहून अधिक.

काही जुन्या लाइनींवर न्यूट्रल फेजपेक्षा बारीक तारेचा असतो. त्याचा रोध दुप्पट धरून हाच हिशोब केला तर आर 180 वर येतो आणि बी 275 वर जातो. नव्या लाइनचा खर्च वाचवायला न्यूट्रल बारीक टाकणं किती महागात पडतं, ते या दोन आकड्यांत दिसतं.

सरासरी इथे फसवते

201, 248 आणि 260 यांची सरासरी काढा. 236 येते. समान वाटणीतही 236 च होते. म्हणजे तीन फेजची मिळून एकच लाइन मानून हिशोब करणाऱ्याला दोन्ही परिस्थिती अगदी सारख्या दिसतील आणि तो ‘व्होल्टेज ठीक आहे’ असा शेरा मारेल. वरच्या 33 किंवा 132 केव्हीच्या जाळ्यात भार बराच समान असतो, तिथे ही पद्धत चालते. लघुदाब लाइनवर ती सपशेल चुकते. इथे प्रत्येक फेज आणि न्यूट्रल वेगवेगळे धरूनच गणित मांडावं लागतं. इपीआरआय या अमेरिकी संस्थेचं ‘ओपनडीएसएस’ हे सॉफ्टवेअर अशा गणितासाठीच आहे आणि फुकट मिळतं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच गावाची लाइन त्यात मांडून बघावी.

‘टॅप वाढवून दिला तर?’

टॅप म्हणजे रोहित्राच्या गुंडाळीतले वेढे कमी-जास्त करण्याची सोय. आपल्या उदाहरणात टॅप 5 टक्के वाढवला तर डीपीवर 250 चे 262 होतील. आर फेजला 213 मिळतील, जे अजूनही पट्ट्याच्या खालीच आहेत. बी फेजला मात्र 272. ज्याची तक्रार नव्हती त्याच्या घरात आता एलईडी बल्ब उडू लागतील. टॅप तिन्ही फेजना एकदमच उचलतो, अडचण ती आहे. शिवाय 100 केव्हीएपर्यंतच्या (केव्हीए हे डीपीच्या क्षमतेचं माप) डीपींना बहुतेक वेळा टॅप नसतातच. मोठ्या रोहित्रांना असतात, पण पुरवठा बंद करून हाताने बदलावे लागतात, त्यामुळे सकाळी एक आणि रात्री दुसरा असं रोज करता येत नाही.

उपकेंद्रातल्या मोठ्या रोहित्राला चालू स्थितीत बदलणारा टॅप असतो, साधारण सव्वा टक्क्याच्या पायऱ्यांचा. तोही तिन्ही फेज एकत्रच हलवतो, आणि त्याला हुकूम देणारा रिले बहुतेक ठिकाणी दोन फेजमधलं एकच व्होल्टेज बघत असतो. तिसऱ्या फेजवर काय चाललंय हे त्याला कळतही नाही.

अमेरिकेत लांबच्या ग्रामीण फीडरवर वेगळी सोय असते. तिथे प्रत्येक फेजला स्वतंत्र रेग्युलेटर लावतात, प्रत्येकाला 32 पायऱ्या, दर पायरी 5/8 टक्का, मिळून 10 टक्के वर किंवा 10 टक्के खाली. एक फेज वर आणि दुसरा खाली नेता येतो. त्याने व्होल्टेज सुधारतं, पण न्यूट्रलमधला करंट आणि तारांमधलं नुकसान जवळपास तसंच राहतं. आपल्याकडे हा खर्च करण्याआधी फुकटात होणारं काम करून घ्यावं, हे माझं ठाम मत आहे.

डीपी मोठा करावा, की स्टॅबिलायझर, की कपॅसिटर?

100 केव्हीएच्या डीपीची क्षमता फेजला 133 अँपिअर असते. आपल्या उदाहरणात सगळ्यात भरलेल्या फेजवर 60 च आहेत, म्हणजे डीपी निम्माही भरलेला नाही. व्होल्टेज तारेत पडतंय, त्याला 200 केव्हीएचा डीपी काय करणार? डीपी मोठा करायचा तो एखादा फेज 133 च्या आसपास गेल्यावर, आणि तेव्हाही आधी बाकीचे दोन फेज रिकामे नाहीत ना ते बघून. एका फेजचा फ्यूज वारंवार जातोय आणि बाकीचे दोन थंड आहेत, ही असमान भाराची सगळ्यात सोपी खूण. तिथे फ्यूजमध्ये जाड तार टाकणं म्हणजे डीपी जाळायची तयारी.

स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. 180 व्होल्टचे 230 करताना तो लाइनमधून सव्वापटीहून जास्त करंट ओढतो. एका घरात चालून जातं. त्याच फेजवर पंधरा घरांनी लावले की फेज आणखी खाली बसतो आणि ज्याच्याकडे स्टॅबिलायझर नाही तो मारला जातो.

कपॅसिटरची गोष्ट वेगळी. शेतीपंपाला तो लावायलाच हवा, 5 एचपीच्या पंपाला साधारण 2 केव्हीएआरचा (केव्हीएआर हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप). त्याने पंपाचा लाइनवरचा करंट कमी होतो आणि तिन्ही फेजना थोडा श्वास मिळतो. पण तो तिघांना सारखाच मिळतो, तोल साधत नाही. उलट, कपॅसिटरचा एखादा फेज आतून तुटला तर तोच नवी असमानता निर्माण करतो. थ्री फेज बंद असताना कपॅसिटरच्या जुगाडावर पंप चालवतात, त्याचंही तेच: सगळा भार चालू असलेल्या फेजवर कोसळतो आणि त्या फेजवरच्या घरांचे दिवे बसतात.

थ्री फेज मोटारीला न्यूट्रल लागत नाही, मग तिला काय त्रास?

याच उदाहरणात शेवटच्या खांबाशी फेज-ते-फेज मोजलं तर 401, 421 आणि 405 व्होल्ट मिळतात. 201 आणि 260 च्या मानाने हे फारच सभ्य आकडे वाटतात, कारण न्यूट्रल सरकल्याचा परिणाम फेज-ते-फेज मोजताना वजा होतो. पण मोटारीला एवढा फरकही पुरतो.

असमानता मोजायची रीत सोपी आहे. तिन्हींची सरासरी 409. सरासरीपासून सगळ्यात जास्त फरक 12. म्हणजे 12 भागिले 409, सुमारे 2.9 टक्के. मोटारीच्या गुंडाळीतली उष्णता यामुळे किती वाढते याचा रूढ अंदाज आहे: या टक्केवारीचा वर्ग, दुप्पट. इथे सुमारे 17 टक्के. करंटमधली असमानता तर व्होल्टेजच्या असमानतेच्या 6 ते 10 पट होते. म्हणून एका फेजचा करंट पाटीवरच्या आकड्याच्या वर जातो आणि बाकीचे दोन खाली राहतात. असमानता 5 टक्क्यांवर गेली तर मोटार चालवूच नये, हा अमेरिकी उत्पादकांच्या ‘नेमा’ या संघटनेच्या मानकाचा सल्ला आहे.

रिवाइंडिंगवाल्याकडे जळालेली मोटार उघडल्यावर एकाच फेजच्या गुंडाळ्या काळ्या आणि बाकीच्या ठीक दिसल्या, तर तिथे हेच घडलेलं असण्याची शक्यता मोठी. एक फेज पूर्ण गेलेला असताना मोटार चालू राहिली तरी गुंडाळ्यांवर अशीच फेजनिहाय छाप उमटते. अशी मोटार नुसती भरून परत बसवली तर पुन्हा जळेल. आधी तिन्ही फेजचा करंट टोंग टेस्टरने (तारेभोवती चिमट्यासारखा लावायच्या मीटरने) मोजून घ्या आणि स्टार्टरचा ओव्हरलोड रिले पाटीवरच्या करंटवरच लावलाय ना ते बघा.

न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला तर

या विषयातली ही सगळ्यात धोक्याची गोष्ट. न्यूट्रल तुटला की दोन फेजवरची घरं एका माळेतल्यासारखी जोडली जातात आणि त्यांच्यावर 400 व्होल्ट येऊन बसतात. ज्या फेजवर भार कमी, तिथे व्होल्टेज जास्त. एका आळीतले बल्ब मिणमिणतात आणि शेजारच्या आळीत टीव्ही, चार्जर, फ्रीज एका मिनिटात जातात. भार समान असेल तर न्यूट्रल तुटूनही नुकसान कमी होतं, तोल साधण्याचं हे आणखी एक कारण.

खूण अशी: आळीत एखादं मोठं उपकरण चालू होताच काही घरांतले दिवे मंद होण्याऐवजी प्रखर होतात. असं दिसलं की मेन स्विच लगेच बंद करा आणि वीज तक्रारीच्या 1912 या क्रमांकावर कळवा. न्यूट्रलमध्ये फ्यूज कधीही टाकायचा नसतो, आणि डीपीच्या न्यूट्रलचं अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडू द्यायचं नसतं.

तोल प्रत्यक्षात कसा साधतात

हे काम लाइन स्टाफचं आहे, परमिट घेऊन, लाइन बंद आणि अर्थ करून. खांबावर चढून आपली सर्व्हिस वायर स्वतः दुसऱ्या तारेवर टाकणं हा जिवाशी खेळ आहे. पण काम कसं व्हायला हवं हे ग्रामस्थांना माहीत असलं तर मागणी नेमकी करता येते.

आधी डीपीवर चारही तारांचा करंट मोजायचा, न्यूट्रलसकट. न्यूट्रलचा आकडा बहुतेक नोंदवह्यांत नसतो आणि खरी बातमी त्यातच असते. माझ्या मते न्यूट्रलचा करंट फेजच्या सरासरीच्या पाव भागापेक्षा जास्त भरला की काम हाती घ्यावं. वेळ महत्त्वाची: एकदा रात्री सात ते नऊमध्ये, एकदा भर दुपारी, आणि पंप चालू असतानाची नोंद वेगळी. दुपारी बाराला मोजून साधलेला तोल रात्री आठला कामाचा राहीलच असं नाही. दुकानं, पिठाची गिरणी आणि घरं यांच्या वेळा निराळ्या असतात.

तीन फेज अगदी सारखे भरूनही न्यूट्रलमध्ये बराच करंट दिसला तर गोंधळू नका. एलईडी, चार्जर, संगणक अशी उपकरणं करंट तुकड्या-तुकड्यांत ओढतात आणि त्यातला काही भाग न्यूट्रलमध्ये रद्द न होता साठत जातो. तो फेज बदलून कमी होत नाही.

मग लाइनच्या शेवटी जायचं. तिथे प्रत्येक फेज ते न्यूट्रल, फेज-ते-फेज आणि न्यूट्रल ते जमीन असं मोजायचं. शेवटचा आकडा बरेच व्होल्ट आला, तर न्यूट्रलमध्ये किती पडतंय ते थेट कळतं.

पुढे कुठलं घर कोणत्या फेजवर आहे याचा नकाशा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याच्यावाचून बाकी सगळं अंधारात. खांब क्रमांक, ग्राहक, फेज आणि अंदाजे भार एवढ्या चार रकान्यांचा कागद पुरतो.

आता घरं हलवायची. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे डीपीजवळची घरं हलवणं, कारण ती सोयीची असतात. डीपीवरचे आकडे त्याने छान जुळतात, न्यूट्रल रिकामा दिसतो. पण आर फेजची घरं सगळी शेवटी आणि बी फेजची सगळी डीपीजवळ असतील, तर डीपीवर तोल आणि शेवटच्या 300 मीटरमध्ये पूर्ण असमानता अशी स्थिती होते. तक्रार होती तशीच राहते. म्हणून सुरुवात लाइनच्या टोकापासून करायची आणि प्रत्येक तुकड्यात तोल बघत डीपीकडे यायचं.

किती घरं हलवावी लागतात? आपल्या उदाहरणात आरवरचे फक्त 20 अँपिअर बीवर नेले, म्हणजे रात्रीच्या वेळी चार-पाच अँपिअर ओढणारी जेमतेम चार-पाच घरं, की वाटणी 40-20-30 होते. न्यूट्रलचा करंट 46 वरून 17 वर येतो. आर फेज 201 वरून 224 वर जातो, बी 260 वरून 236 वर उतरतो. नुकसान 2880 वॅटवरून सुमारे 1490 वॅट. यात एक मीटरही नवीन तार लागली नाही. वाय अजून 248 वर आहे. आरवरचे आणखी 10 अँपिअर वायवर नेले की 30-30-30 होऊन तिन्ही 236 वर येतात.

घरं फार आणि वेळ कमी असेल तर एक चांगली युक्ती आहे. लाइनच्या मधल्या एखाद्या खांबावर जंपर, म्हणजे मागची आणि पुढची तार जोडणारे तुकडे, फिरवायचे: आरच्या जागी वाय, वायच्या जागी बी, बीच्या जागी आर. पुढच्या भागातला जड फेज मागच्या भागात हलक्या फेजवर येतो. तिन्ही एकाच दिशेने फिरवले तर पुढच्या मोटारींची फिरण्याची दिशा बदलत नाही. दोनच जंपर अदलाबदल केले तर मात्र पुढचे सगळे पंप उलटे फिरतील. काम झाल्यावर एका पंपाची दिशा बघितल्याशिवाय खांबावरून उतरू नये.

शेवटी दुसऱ्या दिवशी त्याच वेळांना पुन्हा मोजणी. तिन्ही फेज एकमेकांच्या जवळ आले आणि तरीही सगळेच 216 च्या खाली असतील, तर आता टॅप, जाड तार किंवा जवळ नवीन डीपी यांची पाळी. वीझलऐवजी 50 चौरस मिलिमीटरची ‘रॅबिट’ घातली तर रोध 0.93 वरून 0.55 वर येतो. विखुरलेल्या शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आणखी चांगली: 11 केव्हीची लाइनच विहिरींजवळ न्यायची आणि तिथे 10, 16 किंवा 25 केव्हीएचे छोटे डीपी बसवायचे. 433 व्होल्टच्या मानाने 11 केव्हीवर करंट 25 पट कमी लागतो, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या तारेत नुकसान 600 पटींहून अधिक कमी होतं.

संगणक यात काय करतो?

40 घरांच्या लाइनवर प्रत्येक घराला तीन पर्याय. एकूण जुळण्या 3 चा चाळिसावा घात, म्हणजे सुमारे 12 वर 18 शून्यं. सगळ्या तपासणं कुणालाच शक्य नाही, आणि प्रत्येक जुळणी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांना तपासायची म्हटली तर आणखी अवघड. म्हणून प्रोग्रॅम हुशारीने शोध घेतो: कोणतं एक घर हलवल्याने सगळ्यात जास्त फायदा होतो ते बघ, हलव, पुन्हा गणित कर. त्याला सांगितलेलं असतं, की प्रत्येक घराचं व्होल्टेज पट्ट्यात हवं, तारांतलं नुकसान कमीत कमी हवं, आणि हलवायची घरं थोडी हवीत. तिसरी अट विसरली तर संगणक 31 घरं हलवायला सांगतो आणि तो कागद कपाटात जातो. पहिली चार-सहा घरं हलवल्यावर फायद्याचा मोठा भाग हाती येतो, पुढची धडपड फारशी फळत नाही.

स्मार्ट मीटरबद्दल बिलावरून बरेच वाद आहेत. या कामापुरता मात्र त्याचा उपयोग खरा आहे. तो दर 15 किंवा 30 मिनिटांनी व्होल्टेज नोंदवतो. ज्या दोन घरांचं व्होल्टेज दिवसभर एकत्र चढतं-उतरतं ती बहुधा एकाच फेजवर असतात. म्हणजे फेजचा नकाशा खांबाखांबावर न फिरता, नोंदींवरून तयार करता येतो. ही माहिती गोळा होत असताना तिचा एवढा साधा वापर न करणं ही हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

आता सोलरचं

3 किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर भर दुपारी 13 अँपिअर लाइनमध्ये सोडतो. हा करंट फेजने जातो आणि न्यूट्रलने परततो, म्हणजे दोन तारांत व्होल्टेज चढतं. आपल्या 500 मीटरच्या टोकाला एका घरामुळे 12 व्होल्ट वाढतील. डीपीवर 250 असतील तर 262. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांनुसार व्होल्टेज 110 टक्क्यांच्या, म्हणजे 253 च्या वर गेलं की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत लाइनपासून सुटायचं असतं. तो बंद पडतो म्हणजे त्याचं काम चोख करतो. दुरुस्त करायची ती लाइन.

तीन शेजाऱ्यांनी एकाच फेजवर असे इन्व्हर्टर बसवले तर वाढ 36 व्होल्ट. तेच तिघं तीन वेगळ्या फेजवर गेले तर न्यूट्रल रिकामा होतो आणि प्रत्येकाची वाढ फक्त 6 व्होल्ट. सहापट फरक, एक पैशाचं साहित्य न वाढवता. थ्री फेज इन्व्हर्टर घेतला तरी हाच फायदा मिळतो.

‘नवे इन्व्हर्टर व्होल्टेज आपोआप सांभाळतात ना?’ हा रास्त प्रश्न आहे. ते रिॲक्टिव्ह पॉवर, म्हणजे काम न करता फक्त ये-जा करणारी वीज, ओढून व्होल्टेज थोडं खाली आणू शकतात. मोठ्या उच्चदाब लाइनवर हे चांगलं चालतं. हा उपाय तारेच्या रिॲक्टन्सवर, म्हणजे एसी करंटला होणाऱ्या चुंबकीय अडथळ्यावर, चालतो; वीझलसारख्या बारीक तारेत रोध त्याच्या सुमारे तिप्पट असतो, म्हणून गावातल्या लाइनवर या उपायाची ताकद तेवढीच कमी पडते.

टॅप खाली घेतला तर दुपारचं भागेल आणि रात्री आर फेज पुन्हा बसेल. दुपारची चढण आणि रात्रीची उतरण एका टॅपने सांभाळता येत नाही; दोन्ही टोकं आधी तोलाने जवळ आणावी लागतात.

तक्रार करताना

‘व्होल्टेज कमी आहे’ एवढंच लिहिलं तर उत्तरही तेवढंच मोघम येतं. साधा मल्टिमीटर घेऊन पहाटे पाच, दुपारी एक आणि रात्री आठ अशा तीन वेळांचे आकडे चार दिवस लिहा. त्याच वेळी दोन-तीन शेजाऱ्यांचेही घ्या. सगळ्यांचंच कमी असेल तर तार, टॅप किंवा अंतराचा प्रश्न. तुमचं कमी आणि शेजाऱ्याचं जास्त असेल तर असमान भार किंवा न्यूट्रल. अर्जात मागणी थेट लिहा: डीपीवर रात्री आठ वाजता चारही तारांचा करंट मोजावा, शेवटच्या खांबाशी तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजावं आणि त्यानुसार भाराची फेरवाटणी करावी.

घरात थ्री फेज जोडणी असेल तर गीझर, एसी आणि पंप एकाच फेजवर नाहीत ना ते वायरमनकडून बघून घ्या. सोलर बसवणार असाल तर एजन्सीने पॅनेल चढवण्याआधी विचारा, की आपल्या भागात आधीची सोलर घरं कोणत्या फेजवर आहेत आणि आपला इन्व्हर्टर कोणत्या फेजवर जाणार. ‘जो फेज मीटरला आहे तोच’ असं उत्तर आलं, तर कामाच्या आधीच वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात फेज बदलून मागा. नंतर इन्व्हर्टर रोज दुपारी बंद पडू लागला की त्या बंद तासांची वीज बिलात परत मिळत नाही.